नदीला पाणी किती, आणि कुणासाठी?

पंढरपूर तालुक्यात नदीकाठच्या एका गावात माझे मामा राहतात. भीमेतून चार दिवस कॅनूने जायचं आम्हा चौघांचं ठरलं, तेव्हा मी पहिला फोन त्यांना केला. विचारलं, "मामा, नदीला पाणी किती आहे?"

"कुणासाठी?" मामा म्हणाले.

मला काही कळेना. मग त्यांनीच फोड करून सांगितली. "म्हशीला बक्कळ हाय. माझ्या मोटारीला पंधरा दिस पुरंल. पोहणाऱ्या पोराला जरा जास्तच हाय, वाळू काढलेल्या खड्ड्यात पाय गेला की संपलं. तुझ्या त्या होडीचं मला काय म्हाईत? तिला किती लागतंय ते सांग, मग बोलू."

पाण्याची पातळी जोखायची म्हणजे काय करायचं, हे मामांनी त्या एका शब्दात सांगून टाकलं होतं. आम्हाला मात्र ते उमगायला एक फसलेली सहल लागली.

आधी होडीला किती पाणी लागतं ते पाहू. दोन माणसं, तंबू, चार दिवसांचा शिधा आणि प्यायच्या पाण्याचे कॅन धरले, तर कॅनूवर अडीचशे किलोच्या आसपास वजन होतं. एवढी भरलेली कॅनू अर्धी-पाऊण वीत पाण्यात बुडते, बस्स. वल्हं तळाला न आपटता मारायचं असेल तर फूटभर पाणी पुरतं. ऐकायला हे फारच सोपं वाटतं. फूटभर पाणी कुठल्या नदीत नसतं?

भीमेत नसतं. म्हणजे डोहात दोन-दोन पुरुष खोल असतं, पण डोहानंतर उतार येतो. 'नदीला उतार आहे का' असं जुनी माणसं विचारायची, ते नदी चालत ओलांडता येईल का हे जाणून घ्यायला. बैलगाडीला जो उतार सोयीचा, तोच कॅनूला अडचणीचा. चार दिवसांच्या वाटेत पन्नास डोह लागले काय किंवा शंभर, तुमचा प्रवास ठरतो तो त्यांच्यामधल्या सगळ्यात उथळ उतारावर. म्हणून 'नदी किती खोल आहे' हा प्रश्न फार उपयोगाचा नाही. नदी जिथे सगळ्यात उथळ आहे तिथे पाणी किती आहे, हे विचारावं लागतं.

टक्क्यांनी केलेला घात

पहिल्या वेळी आम्ही भीमेवरच्या उजनी धरणाच्या टक्क्यांवर विसंबलो. सोलापुरात उजनीचे टक्के घरातल्या आजाऱ्याच्या तापासारखे सांगितले जातात. सकाळी चहाच्या टपरीवर 'आज किती?' असं विचारलं तर धरणाबद्दल विचारतोय हे सांगावं लागत नाही. त्या वर्षी धरण शंभर टक्क्यांच्या वर होतं. आम्ही डिसेंबरात निघालो आणि दीड दिवस होडीत बसण्यापेक्षा होडी ओढण्यात गेला. धरण काठोकाठ, नदीत मात्र घोट्याएवढं पाणी. तिसऱ्या दिवशी ओळखीच्या एकाचा टेम्पो बोलावला आणि उसाच्या फडांमधून घरी परतलो.

चूक साधी होती. टक्के सांगतात ते धरणाने अडवलेलं पाणी. नदीला मिळतं ते सोडलेलं पाणी. तिजोरीत किती आहे यावरून बाजारात किती खर्च होतोय हे कळत नाही, तसंच.

तरी टक्के समजून घेण्यासारखे आहेत, कारण पुढे त्यांचा एक वेगळा उपयोग होतो. उजनीचा शंभर टक्के साठा सुमारे ११७ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट). त्यातलं ६३.६६ टीएमसी पाणी मृतसाठा, म्हणजे एरवीच्या वापरासाठी न धरलेलं. वरचं ५३.५७ टीएमसी उपयुक्त. टक्केवारी मोजतात ती फक्त या वरच्या पाण्यावर. त्यामुळे शून्य टक्के असलं तरी धरणात ६३ टीएमसीहून जास्त पाणी असतं, आणि उन्हाळ्यात तेही उपसलं की 'उणे' टक्के सुरू होतात. २०२४च्या उन्हाळ्यात ते उणे पन्नासच्याही खाली गेले होते. उलट पावसाळ्याच्या शेवटी शंभराच्या वर, १११ टक्क्यांपर्यंत पाणी धरता येतं. साठा तेव्हा १२३ टीएमसीच्या घरात जातो. (पाणी फार खाली गेलं की इंदापूर तालुक्यातलं पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडतं आणि लोक ते बघायला जातात. ते दिसलं की खालच्या नदीत कॅनूचा विषय काढूच नये.)

क्युसेक म्हणजे किती टँकर?

कॅनूवाल्याच्या कामाचा आकडा विसर्गाचा. तो क्युसेकमध्ये देतात. एका सेकंदाला एक घनफूट पाणी म्हणजे एक क्युसेक, साधारण २८.३ लिटर. उजनीच्या वीजनिर्मिती केंद्रातून नदीत १६०० क्युसेक सोडल्याची बातमी आपण नेहमी वाचतो. त्याचा अर्थ दर सेकंदाला ४५ हजार लिटर. टँकरच्या भाषेत सांगायचं तर दहा हजार लिटरचे साडेचार टँकर प्रत्येक सेकंदाला रिकामे होतायत. साडेअकरा हजार क्युसेक पूर्ण दिवसभर चाललं की एक टीएमसी पाणी जातं. हा हिशेब डोक्यात ठेवला की बातम्यांमधले आकडे एकमेकांशी जुळवता येतात.

बातमी वाचताना एक काळजी घ्या. विसर्गाच्या यादीत कालवा असतो, बोगदा असतो, उपसा सिंचन योजना असतात, वीजनिर्मिती असते आणि सांडवा असतो. यातलं धरणाखालच्या भीमेत येतं ते फक्त सांडव्याचं आणि वीजनिर्मितीचं. बाकीचं पाणी शेताला किंवा भीमेला पुढे मिळणाऱ्या सीना नदीच्या बाजूला जातं. 'उजनीतून इतके हजार क्युसेक' हा मथळा बघून होडी गाडीवर चढवू नका, खालची फोड वाचा.

आता १६०० क्युसेकने नदी किती चढते? इथे शाळेतलं एक गणित कामाला येतं. पाणी म्हणजे रुंदी गुणिले खोली गुणिले वेग. समजा पात्र शंभर मीटर रुंद आहे आणि पाणी सेकंदाला अर्धा मीटर वेगाने चाललंय. मग १६०० क्युसेकला सरासरी खोली ९० सेंटिमीटर भरते. हेच पात्र दोनशे मीटर पसरट असेल तर त्याच वेगाला निम्मी, ४५ सेंटिमीटर. शिवाय ही सरासरी झाली. मधे वाळूचा उंचवटा आणि कडेला धार असेल, तर उंचवट्यावर होडी टेकते आणि धारेत सुखाने जाते. त्यामुळे एकच विसर्ग एका गावात पुरतो आणि पुढच्या गावात पुरत नाही.

पुढची गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. विसर्ग दुप्पट झाला म्हणून खोली दुप्पट होत नाही. पाणी वाढलं की ते खोलही होतं आणि वेगानेही पळतं, वाढ दोघांत वाटली जाते. पसरट पात्रात विसर्ग दुप्पट झाला तर खोली साधारण दीडपट होते. वरच्याच शंभर मीटरच्या पात्राचा हिशेब पुढे नेला तर ६००० क्युसेकला खोली दोन मीटर होते आणि वेग ताशी तीन किलोमीटर. २० हजार क्युसेकला खोली चार मीटरच्या थोडी वर, आणि वेग ताशी जवळपास पाच किलोमीटर.

पाच हा आकडा लक्षात ठेवा. दोन धट्टीकट्टी माणसं भरलेली कॅनू संथ पाण्यात ताशी चार-पाच किलोमीटरने वल्हवतात. म्हणजे २० हजाराला तुमचा वेग आणि नदीचा वेग बरोबरीला येतात. तिथून पुढे मागे फिरणं उरत नाही. वळणापलीकडे काय आहे हे दिसल्यावर 'थांबा, परत जाऊ' म्हणायची सोय संपते. भीती खोलीची नाही. दोन मीटर खोल काय आणि चार मीटर काय, तरंगणाऱ्याला सारखंच. पण वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो, आणि तो रेटा तुम्हाला कुठे नेऊन आदळतो हा प्रश्न असतो.

भीमेत आणि सीनेत त्याचं उत्तर बहुतेक वेळा वेडी बाभूळ हे असतं. कोरड्या वर्षांत ती पात्रात शिरते, वाढते, झुडपांचं रान करते. पाणी चढलं की धार त्या झुडपांच्या आरपार वाहते. पाणी फांद्यांमधून निघून जातं, होडी आणि माणूस मात्र चाळणीत अडकावं तसं अडकतं. मधल्या पाण्याला जी झुडपं काठावर उभी दिसतात, तीच चढत्या पाण्याला तुमच्या वाटेत येतात. म्हणून 'जास्त पाणी म्हणजे मोकळी वाट' हे आपल्याकडच्या नद्यांना लागू नाही.

मग बरं पाणी कोणतं? आमच्या चौघांच्या हिशेबात दीड ते पाच हजार क्युसेक स्थिर विसर्ग असला तर निघायचं. दहा हजाराच्या वर गेला तर घरी बसायचं. हा नियम आमच्यापुरता आहे. आमचं वल्हवणं बेताचं आहे, एकाला पोहणंही बेताचंच येतं. तुमचा आकडा तुम्हाला ठरवावा लागेल. पण तो घरी बसून, कागदावर, आधी ठरवा. काठावर होडी उतरवून झाल्यावर ठरवलेला आकडा नेहमी मोठा निघतो.

पोटात जागा किती

आता टक्क्यांकडे परत येऊ. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. भीमेला तो काय पुरणार? आपली भीमा चालते ती पुणे जिल्ह्यातल्या घाटावरच्या पावसावर. तिथली धरणं भरली की पाणी सोडतात, ते पुण्याच्या बंडगार्डनवरून आणि इतर उपनद्यांमधून दौंडला येतं आणि दौंडहून उजनीत. म्हणून पावसाळ्यात आपल्या पेपरात 'बंडगार्डन इतके, दौंड इतके' असं रोज छापून येतं.

दौंडचा आकडा आणि उजनीचे टक्के एकत्र वाचायचे. धरण अर्धं रिकामं असेल तर दौंडहून लाखभर क्युसेक आलं तरी पंढरपूरच्या नदीला काही फरक पडत नाही, धरण सगळं गिळून घेतं. पण धरण १०५ टक्क्यांवर असेल आणि दौंडचा आकडा चढू लागला, तर आज ना उद्या दरवाजे वर होणार हे नक्की. टक्के म्हणजे धरणाच्या पोटात जागा किती, आणि दौंड म्हणजे ताटात किती वाढलंय. सोलापुरात ऊन पडलंय, आभाळ निरभ्र आहे, म्हणून नदी शांत राहील असं समजणाऱ्याला भीमा कळलेली नाही. इथली नदी वर बघून जोखता येत नाही, पश्चिमेकडे बघून जोखावी लागते.

प्रशासनाचं पत्रकही नीट वाचायला शिका. 'विसर्ग टप्प्याटप्प्याने वाढवण्यात येईल' हे वाक्य आलं की आजचा आकडा बाजूला ठेवा. तो उद्या खरा असणार नाही. तो आकडा बरोबर असेल, पण तुम्ही तिसऱ्या दिवशी जिथे असाल तिथल्या पाण्याचा नसेल.

लाट झोपत नाही

एक दिवसाच्या फेरीला सकाळचा आकडा पुरतो. चार दिवसांच्या वाटेला वेळेचं गणित लागतं, आणि ते थोडं गमतीचं आहे.

दरवाजा उघडला की पाण्याची वाढ लाटेसारखी खाली सरकते. ही लाट खुद्द पाण्यापेक्षा वेगाने जाते, पसरट नदीत साधारण दीडपट किंवा थोडी जास्त. पाणी ताशी तीन किलोमीटरने वाहत असेल तर वाढ ताशी पाचने येते. मधे बंधारे आणि डोह असतील तर ती मंदावते, पण हिशेबाला पाच धरू.

समजा, तुम्ही सकाळी धरणाच्या जवळून निघालात, पाच तास निवांत वल्हवून तीस किलोमीटर गेलात आणि काठावर तंबू ठोकला. दुपारी बाराला वर विसर्ग वाढवला असेल तर ती वाढ संध्याकाळी सहाला तुमच्या चुलीपाशी येते. संध्याकाळी सहाला वाढवला असेल तर मध्यरात्री. तुम्ही झोपता, लाट झोपत नाही. म्हणजे पहिल्या रात्री तुमच्या हातात इशाऱ्यासाठी फक्त सहा तास असतात. दुसऱ्या रात्री साठ किलोमीटरवर बारा तास, तिसऱ्या रात्री अठरा. आम्हाला वाटायचं की जसजसं लांब जाऊ तसा धोका वाढेल. धरणाच्या बाबतीत उलटं आहे. सगळ्यात जपायची रात्र पहिली.

म्हणून पहिल्या रात्री आम्ही वाळूवर तंबू लावत नाही. चंद्रभागेचं असो की दुसरं, वाळवंट म्हणजे नदीची जागा आहे. पाणी ती फक्त काही महिने वापरायला देतं. काठावरच्या बाभळींना गेल्या पुराचं प्लास्टिक आणि पाचट कुठवर लटकलंय ते बघायचं, त्याच्या वर झोपायचं. होडी पण वर घ्यायची आणि झाडाला बांधायची. ओढायचा कंटाळा येतो, मान्य. सकाळी होडी नाही हा शोध लावण्यापेक्षा तो कंटाळा परवडतो.

पाण्याला पोहोचायला लागणारा वेळ उन्हाळ्यात मात्र पूर्ण वेगळा. कोरड्या पात्रात सोडलेलं पहिलं पाणी वाळू पिते, खड्डे भरतात, दोन्ही काठांच्या मोटारी उपसतात. सोलापूर शहराच्या पिण्यासाठी उजनीतून औज बंधाऱ्यासाठी पाणी सोडतात, ते तिथे टेकायला आठवडा उलटून जातो. तेव्हा 'काल पाणी सोडलंय' या भरवशावर औजजवळच्या टाकळीला होडी घेऊन जाऊ नका.

वेळेच्या गणितात अजून एक नदी मिसळते. नीरा नरसिंहपूरला नीरा भीमेला मिळते, आणि नीरेवर वीर धरण आहे. पंढरपूरच्या पाण्याचा अंदाज सांगताना उजनी, वीर आणि संगम असे तिन्ही आकडे देतात ते यासाठीच. पण उजनीचा आकडा आणि वीरचा आकडा सरळ बेरीज करू नये. दोन्ही पाण्यांना संगमापर्यंत यायला वेगवेगळा वेळ लागतो. कधी एक ओसरत असताना दुसरं येतं, कधी दोन्ही एकदम येऊन भिडतात. संगमाच्या खाली जायचं असेल तर संगमाचाच आकडा धरा.

बंधाऱ्यापाशी उतरा

आतापर्यंतचं सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. भीमेवर गुरसाळे, मुंढेवाडी, औज, चिंचपूर असे कितीतरी बंधारे आहेत. त्यातले बरेच कोल्हापुरी पद्धतीचे, म्हणजे दगडी खांब आणि त्यांच्या खाचांत बसवलेले बर्गे, काढता-घालता येणाऱ्या फळ्या. पावसाळा सरताना बर्गे टाकतात, पुढच्या पावसाळ्याआधी काढतात. हे बर्गे आहेत की नाहीत यावर नदीचं सगळं रूप बदलतं.

बर्गे टाकलेले असले की नदी म्हणजे एकापाठोपाठ एक तळी. प्रत्येक बंधाऱ्याच्या वर खोल, संथ पाणी, आणि खाली उघडे दगड. डिसेंबरात आम्ही फसलो ते यामुळेच. धरणातून काही सुटत नव्हतं, जे होतं ते बर्ग्यांमागे अडलेलं. अशा दिवसांत तळ्यातून वल्हवायचं, बंधाऱ्याआधी काठाला लागायचं, सामान आणि होडी खांद्यावर घेऊन खाली उतरायचं. दिवसाचं अंतर निम्मं धरा आणि मजेत जा.

बर्गे काढलेले असले की पाणी खांबांमधल्या गाळ्यांतून पळतं. सोळा फुटी कॅनू आडवी झाली तर दोन खांबांना टेकून बसते आणि मागचं पाणी तिला मोडेपर्यंत रेटतं. त्या गाळ्यांत आधीच ओंडके आणि जलपर्णी अडकलेली असते. 'एवढ्या जागेतून जाईल की' असं वाटतं. जाऊ नका.

सगळ्यात फसवी अवस्था मधली. बंधारा पूर्ण उघडाही नाही आणि पूर्ण बुडालेलाही नाही, वरून पाण्याची गुळगुळीत चादर पडतेय. वरच्या बाजूने बघितलं तर फक्त एक सरळ आडवी रेघ दिसते आणि पलीकडचं पाणी दिसत नाही. उंची पुरुषभरही नसते. पण खाली पडलेलं पाणी तळाशी जाऊन वर येतं आणि परत बंधाऱ्याकडेच वळतं. रहाटगाडग्यासारखं ते फिरत राहतं. त्यात सापडलेली वस्तू बाहेर फेकली जात नाही, पुन्हा पुन्हा भिंतीखाली ओढली जाते. लाइफ जॅकेट घातलेला माणूसही त्यात अडकतो. कमी पाण्यात हा फेरा दुबळा असतो. फार मोठ्या पुरात बंधाराच पाण्याखाली जातो, फेरा मंदावतो, पण तेव्हा नदीत उतरायचंच नसतं. म्हणजे नेमकं जेव्हा आपल्याला 'पाणी बरं आहे' वाटतं, तेव्हाच बंधारा जास्त वाईट असतो. निघण्याआधी उपग्रह नकाशावर सगळे बंधारे आणि खालचे पूल खुणावून घ्या, मोबाइलला रेंज नसतानाही दिसेल असा नकाशा ठेवा, आणि प्रत्येकाच्या दोनशे मीटर आधी काठाला लागा.

काठावरची मीटरपट्टी

नदीवर अधिकृत मोजपट्ट्या आहेत. केंद्रीय जल आयोग भीमेवर टाकळीला आणि सीनेवर वडकबाळला पाणी मोजतो. तिथली पातळी समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये सांगतात, ती पाण्याची खोली नव्हे. पातळी चारशे मीटरच्या वर लिहिली म्हणून घाबरायचं कारण नाही. कालच्यापेक्षा किती चढली आणि किती उतरली, एवढंच बघायचं.

पण पाण्यात असताना खरी मोजपट्टी काठावर असते. पंढरपुरात 'पुंडलिकाच्या मंदिराला पाणी लागलं', 'दगडी पूल पाण्याखाली गेला' असं लोक म्हणतात, ती पिढ्यान्‌पिढ्यांची पातळीच आहे. चंद्रभागेत होड्या चालवणारे कोळी बांधव पायरीकडे एक नजर टाकून सांगतात की पाण्याला आज ओढ आहे की नाही. त्यांना आकडा विचारू नका. 'आज तुम्ही भाविकांना पलीकडे नेताय का?' एवढं विचारा. ते नेत नसतील तर विषय संपला.

दुसरी खूण मामांनी शिकवली आणि तिच्यापुढे माझं सगळं गणित फिकं आहे. काठावरच्या मोटारी बघायच्या. पाणी सुटणार म्हटलं की गावागावात निरोप जातो, 'मोटारी वर काढा'. शेतकरी आपली मोटार आणि केबल उगाच उचलत नाही, त्याला चार माणसं लागतात. दोन्ही काठांना लोक मोटारी ओढताना दिसले तर तुम्हीही होडी वर ओढा, कारण नंतर विचारा. याच मोटारींच्या पाण्यात पसरलेल्या वायरी आणि पाइप हा वेगळा धोका आहे. काठाला लागताना वायरीला हात लावू नका, वल्हंही नाही.

पाणी चढतंय की उतरतंय हे पाणीच सांगतं. चढतं पाणी गढूळ असतं, काठावरून पाचट, काटक्या, चपला, निर्माल्य उचलून आणतं, फेसाचे पुंजके वाहतात. उतरतं पाणी काठावर ओली पट्टी सोडतं आणि मागे गाळ ठेवतं. संशय असेल तर काठी. मुक्कामाला पोहोचल्याबरोबर पाण्याच्या कडेला एक काठी रोवायची, खूण करायची. जेवणानंतर बघायची, आणि मधेच जाग आली की टॉर्च मारून बघायची. तासात चार बोटं चढलं तर सामान आवरायला घ्या. आमच्यातला एकजण या काठीला 'पाहुणा' म्हणतो, कारण तिची रात्रभर विचारपूस करावी लागते.

पातळीवर एवढं बोलताना वारा राहून जातो. खाली नदीत त्याचा त्रास बेताचा, पण उजनीच्या जलाशयातून सुरुवात करायचा मोह असेल तर तिथे पाणी कितीही असो, वारा मालक आहे. २१ मे २०२४ला करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीला निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. रोजच्या वाटेवरची बोट होती ती. म्हणून आम्ही जलाशय सोडून देतो आणि धरणाच्या मनाई असलेल्या हद्दीच्या बरंच खाली नदीत उतरतो.

शेवटची रात्र सीनेची

आमची वाट संपते हत्तरसंग कुडलला, भीमा-सीना संगमावर. मंदिरातला शके ९४० चा मराठी शिलालेख बघायला लोक जातात, आम्ही तिथे होडी बाहेर काढायला जातो. आणि तिथेच सगळं गणित एकदा उलटं होतं.

सीनेच्या पाणलोटावर उजनीएवढं मोठं पोट असलेलं धरण नाही. सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी ही धरणं तिच्या मानाने लहान, भरली की लगेच सोडावी लागतात. शिवाय तिचा पाऊस घाटावरचा नसतो, तो आपला इथला, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दणकून पडणारा. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेने माढा, मोहोळ आणि दोन्ही सोलापूर तालुक्यांतली गावं बुडवली, लांबोटीजवळ पुण्याचा महामार्ग बंद पडला. उजनीचे आकडे कितीही बारकाईने पाहिले असते तरी त्यातून हे कळलं नसतं.

संगमाला याचा परिणाम विचित्र दिसतो. सीना जोरात आली की ती भीमेचं पाणी अडवते, आणि संगमाच्या वर भीमेला फुगवटा येतो. पाणी संथ होतं, धार थांबल्यासारखी वाटते, आणि पातळी मात्र चढत असते. आदल्या तीन दिवसांत 'वेग वाढला म्हणजे पाणी वाढलं' अशी सवय लागलेली असते. इथे पाणी शांत होतं तेव्हा ते वाढतंय. उजनीचा विसर्ग कमी झालाय, नदी मंद झालीय, आता वाळूवर झोपायला हरकत नाही, असं त्या संध्याकाळी हमखास वाटतं.

म्हणून तिसऱ्या मुक्कामाआधी आम्ही उजनीचा आकडा बघत नाही. वडकबाळची पातळी बघतो, माढा आणि बार्शीकडे पाऊस झाला का ते नातेवाइकांना विचारतो, आणि काठी दोन ठिकाणी रोवतो. एक आमच्या तंबूखाली भीमेच्या कडेला. दुसरी, चालत जाण्याजोगं असेल तर, सीनेच्या कडेला. रात्री टॉर्च घेऊन आधी दुसरी बघायला जायचं.